पतंग, हिरडा, शेंदरी: रान न मोडता रंगझाडांची लागवड

प्रश्न थोडक्यात असा आहे. देवरुखच्या बाजूला पाच एकर वरकस जमीन आहे. वरच्या अंगाला कातळाचा सडा, मधे उतार, खाली पावसाळी वहाळ आणि त्याच्या काठाने जुनं रान. तिथे नैसर्गिक रंग देणारी झाडं लावायची आहेत, पण रान मोडायचं नाही. रोपं विकणाऱ्याने सल्ला दिलाय की सगळी जमीन साफ करा, तीन बाय तीन मीटरवर पतंगाची झाडं लावा. आठव्या वर्षी किती लाख सुटतील त्याचा तक्ताही हातात ठेवलाय. हे करावं का?

करू नये. पतंगाचं झाड उत्तम आहे, कोकणच्या हवेत चांगलं येतं आणि त्याचा लाल रंग सुतावर, रेशमावर देखणा उठतो. घोळ आहे तो तक्त्यात. पाच एकर म्हणजे दोन हेक्टर, त्यात तीन बाय तीनने बावीसशे झाडं बसतात. सगळी एका वयाची, सगळी एकदम तोडायची. रंग गाभ्यात असतो, त्यामुळे तोडल्याशिवाय हातात एक पैसा येत नाही आणि ज्या वर्षी तोडाल त्या वर्षीचा साडेतीन हजार मिलिमीटरच्या घरातला पाऊस उघड्या उतारावर पडतो. माती वहाळात गेली की पुढच्या लागवडीला कातळ उरतो. शिवाय बावीसशे झाडांचा गाभा एका हंगामात उचलणारं गिऱ्हाईक कोण? हातमागाचं कापड रंगवणारी मंडळी किलोच्या हिशेबात घेतात. टनावारी घेणारा व्यापारी भाव स्वतः ठरवतो, आणि माल तोडून पडलाय हे त्याला कळलं की तुमच्या हातात काही राहत नाही.

आराखडा काढायला बसलात की आधी प्रत्येक झाडाचा कोणता भाग रंग देतो ते लिहून काढा. जागा, संख्या, अंतर हे सगळं त्यावरून ठरतं. फळ, बी किंवा फूल रंग देत असेल तर झाड जागेवर राहतं, मुळं माती धरून ठेवतात आणि उत्पन्न दरवर्षी येतं. अशी झाडं उतारावर, संख्येने जास्त. गाभा रंग देत असेल तर फक्त खुंटावरून पुन्हा फुटणारी जात घ्यायची आणि ती पाळीपाळीने तोडायची. सालीचा रंग फक्त दुसऱ्या कारणाने तोडलेल्या झाडाचा घ्यावा. उभ्या झाडाची साल चहूबाजूंनी काढली की पानांत तयार झालेलं अन्न मुळांपर्यंत उतरत नाही आणि झाड हळूहळू उभंच वाळतं. मुळाचा रंग उतारावर पूर्ण वर्ज्य. आल, म्हणजे बारतोंडीच्या जातीतलं झाड, वऱ्हाडात एके काळी खास मुळांच्या लाल रंगासाठी पेरत आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी उपटून काढत. सपाट काळ्या जमिनीत ते निभावलं. तुमच्या उतारावर तेच केलंत तर मुळांबरोबर माती काढून दिल्यासारखं होईल.

गाभ्याचा रंग रानातून ओरबाडला की काय होतं, त्याचं उदाहरण ब्राझीलच्या किनाऱ्यावर आहे. आपल्या पतंगाचाच नातलग असलेलं तिथलं झाड पोर्तुगीजांनी रंगासाठी एवढं तोडलं की अटलांटिक किनाऱ्याच्या रानात ते आज मोजकं उरलंय. 2007 पासून ते साइटिस कराराच्या, म्हणजे धोक्यातल्या वन्य जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे. दोघांच्या गाभ्यातलं रंगद्रव्य एकच, ब्राझिलिन.

आता जमिनीकडे. सड्याला हात लावू नका. कातळ उघडा दिसतो म्हणून पडीक समजून ब्रेकरने खड्डे मारण्याची सध्या टूम आहे. पावसाळ्यात त्याच कातळावर दोन बोटं मातीत कीटकभक्षी सीतेची आसवं, गेंद, नाना तऱ्हेची गवतं उगवतात आणि ती दुसरीकडे कुठे तगत नाहीत. झाडं तिथे जगतही नाहीत: खड्डा म्हणजे कातळातलं भांडं, जुलैत त्यात पाणी तुंबून मूळ कुजतं आणि एप्रिलमध्ये तोच खड्डा तापून रोप करपतं. शिवाय रत्नागिरी जिल्ह्यात सड्यांवर कातळशिल्पं सापडतात. ब्रेकर लावण्याआधी सडा झाडून, पाणी मारून, सकाळच्या तिरप्या उन्हात एकदा नीट बघा, बहुतेक वेळा ब्रेकरचा विचार तिथेच सुटतो.

वहाळाच्या दोन्ही काठांना निदान दहा-दहा मीटर पट्टा जसा आहे तसा ठेवा. त्या पट्ट्यातले बेहडा, सातवीण, जांभूळ, आंबा यांपैकी ज्यांना ढोली आहे ती झाडं तर सोन्याची. बेहड्याच्या ढोलीत धनेश घरटं करतो आणि तुमच्या रानात बी पसरवण्याचं काम फुकट करतो. तिथे शेंदरीसारखं परदेशी झाडही नको, कारण पाण्याबरोबर त्याचं बी खाली जाईल.

सडा, वहाळाचा पट्टा आणि दाट रान वजा जाता लावण्याजोगी जागा साधारण दोन एकर निघेल असं धरू. कमी वाटेल, पण राखलेलं रानही रंग देतंच. खड्डे खणण्याआधी त्या रानाची वर्षभराची मोजदाद सुरू करा. हिरडा, बेहडा, पळस, कुंकूफळ, धायटी, खैर, ऐन यांतलं काय आहे, किती आहे, कधी फुलतं, कधी फळतं. बहुतेक ठिकाणी धायटी आणि कुंकूफळ आधीच असतं आणि झुडूप म्हणून दरवर्षी कवळतोडीत, म्हणजे शेतात भाजायला फांद्या तोडतात त्यात, जातं. ती तोड थांबवली तर लागवडीचा अर्धा खर्च वाचतो.

पतंग लावायचा तो कुंपणाला. काटेरी आहे, गुरं शिरत नाहीत. दोन हेक्टरचा चौकोनी तुकडा धरला तर घेर सुमारे साडेपाचशे मीटर. एक मीटरवर एक रोप धरून साडेपाचशे झाडं झाली आणि आतली जागा मोकळी राहिली. सड्यावरून जाणारी बाजू वगळा, तिथे दगडी गडगा घाला.

बी चपटं, कडक कवचाचं असतं. तसंच पेरलं तर काही पंधरवड्यात उगवेल, काही पुढच्या वर्षी, काही कधीच नाही. पाणी उकळून चुलीवरून उतरवा, मिनिटभर थांबा, बी त्यात टाका आणि त्याच पाण्यात रात्रभर राहू द्या. सकाळी जे फुगलंय ते पेरा. न फुगलेलं पुन्हा एकदा त्याच विधीतून काढा. चुलीवर उकळत असताना बी टाकलं तर शिजतं, ही चूक सर्रास होते. फेब्रुवारीअखेर पिशवीत पेरलं की जूनपर्यंत हातभर रोप मिळतं. त्याहून जुनं, पिशवीतच वर्ष काढलेलं रोप स्वस्तात मिळालं तरी घेऊ नका. त्याचं मूळ पिशवीच्या तळाशी वेटोळं घेतं आणि झाड मोठं झाल्यावर वाऱ्यात उलथतं.

कोवळ्या पतंगात रंग नसतो. फांदी आडवी कापून बघा: बाहेर पांढरट लाकूड आणि मधे नारिंगी ठिपका. चौथ्या वर्षी तो ठिपका बोटाएवढाही नसतो. आठ-दहा वर्षांनी खोड मनगटाहून चांगलं जाड झालं की गाभा काढण्यासारखा होतो. ताजा कापला तेव्हा तो पिवळट-नारिंगी दिसतो आणि हवा लागली की तासाभरात लालसर होत जातो. ब्राझिलिनचं हवेतल्या प्राणवायूने ब्राझिलेइन होतं, लाल रंग देणारं ते. म्हणून ढलप्या काढून लगेच उकळण्यापेक्षा काही आठवडे सावलीत पसरून ठेवलेल्या बऱ्या.

तोड जानेवारी-फेब्रुवारीत, जमिनीपासून गुडघ्याच्या खाली, धारदार करवतीने, काप तिरका. कोयत्याने घाव घालून खुंट फाटला तर पावसात पाणी शिरून सडतो आणि फुटवा येत नाही. पावसाळ्यानंतर खुंटावर झुपका येईल, त्यातले जोमदार दोन-तीन ठेवून बाकीचे काढा. कुंपणाचे दहा भाग पाडा आणि नवव्या वर्षापासून दरवर्षी एकच भाग, म्हणजे पंचावन्न झाडं, तोडा. दहा वर्षांनी पहिल्या भागाकडे परत याल तेव्हा खुंटावरचा फुटवा तयार असेल. सलग पंचावन्न न तोडता एक सोडून एक तोडलं तर कुंपणाला भगदाड पडत नाही.

हिरडा हे या सगळ्या आराखड्याचं कणा-झाड. त्याच्या वाळल्या फळात सुमारे 30 टक्के टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, असतं आणि रंग पक्का करणारी तुरटी सुती कापडाला धरायला लावण्याचं काम तेच करतं. रंगारी एकवेळ पतंग सोडील, हिरडा सोडणार नाही. उताराच्या वरच्या भागात आठ ते दहा मीटरवर लावा. दोन एकरांत तीस-चाळीस पुरे, मधल्या जागेत लहान जाती येतात. बियांचं झाड फळायला दहा वर्षांच्या पुढे जातं, कलम पाच-सहा वर्षांत फळ दाखवतं. निम्मी कलमं आणि निम्मी स्थानिक झाडांच्या बियांची रोपं असं मिश्रण ठेवा. सगळी एकाच मातृवृक्षाची कलमं असली तर एखाद्या वर्षी मोहर गळाला की सगळ्यांचाच गळतो. बियांसाठी आठोळीचं, म्हणजे फळातल्या कडक बाठीचं, रुंद टोक जरासं कापायचं, आतल्या गराला धक्का न लावता, आणि 36 तास थंड पाण्यात भिजत ठेवायचं. न कापता पेरलेली आठोळी महिनोन्‌महिने जमिनीत पडून राहते आणि तेवढ्यात उंदीर तिचा समाचार घेतात.

रंगाच्या कामाला पूर्ण वाढलेलं फळ हवं, बाळहिरडा नको. बाळहिरडा औषधाला जातो, आणि तो गोळा करताना फांद्या झोडपल्या जातात त्याचा फटका पुढच्या वर्षीच्या बहराला बसतो. थंडीत फळ पिवळं पडून गळायला लागलं की खाली पडलेलं वेचा आणि चौथा हिस्सा तरी झाडाखाली राहू द्या. तो भेकर, सांबर खातं.

शेंदरी, म्हणजे बिक्सा, लवकर पैसा देणारं झाड. मूळचं दक्षिण अमेरिकेतलं, पण आपल्याकडे कित्येक परसांत आहे. रोप मागताना सांभाळा: कुंकूफळालाही कोकणात शेंदरी म्हणतात आणि रोपवाटिकेत एक मागितलं की दुसरं मिळतं. बिक्साची फळं केसाळ, हृदयाच्या आकाराची आणि पान मोठं, पिंपळासारखं टोकदार. उताराच्या खालच्या, मातीच्या भागात चार बाय चार मीटरवर अर्ध्या एकरात सव्वाशे झाडं. बियांच्या रोपात रंगाचं प्रमाण झाडागणिक वेगळं निघतं, त्यामुळे ज्या झाडाच्या बिया बोटाला लगेच गडद डाग लावतात त्याची छाट कलमं घ्या. तिसऱ्या वर्षी उत्पन्न सुरू होतं. फळाची काढणी झाली की दरवर्षी छाटणी हवी, नाहीतर फळ शेंड्याला जातं आणि हात पोचत नाही. दमट हवेत पानांवर भुरी येते, त्यावर उपाय मोकळी हवा. म्हणजे पुन्हा छाटणीच.

बोंडं तपकिरी होऊन उकलायला लागली की काढा, सावलीत वाळवा, काठीने हलकेच बडवून बी मोकळं करा. रंग बियांवरच्या पातळ थरात असतो. जोरात घासलं, मशीनला लावलं, की तो धुळीत जातो. उन्हात आणि उजेडात त्यातलं रंगद्रव्य, बिक्सिन, उडून जातं, म्हणून साठवण बंद डब्यात अंधारात. आणि एक स्पष्ट सांगायला हवं: शेंदरीचा नारिंगी रंग कापडावर उन्हात टिकत नाही. बाहेर वापरायच्या कपड्याला तो देऊ नका. त्याचं खरं गिऱ्हाईक खाद्यपदार्थांत आहे, तिथे तो मान्य नैसर्गिक रंग आहे. कोकमाच्या लालीचंही तसंच. सरबतात शोभते, कापडावर दोन धुण्यांत जाते.

कुंकूफळ मात्र अस्सल इथलं आणि तुमच्या कामाचं. फळावर तांबड्या भुकटीचा थर असतो. नर आणि मादी झाडं वेगळी, फळ मादीलाच. रोप लहान असताना ओळखता येत नाही, त्यामुळे एका खड्ड्यात दोन रोपं लावा आणि फुलावर आलं की जास्तीचे नर काढा, दहा माद्यांमागे एखाद-दोन नर ठेवून. बी ताजं असतानाच पेरा, साठवलं की उगवण झपाट्याने घसरते. उन्हाळ्याच्या तोंडाला फळं पिकली की कापडी पिशवीत भरून हलवायची, भुकटी सुटते, ती बारीक वस्त्रगाळ करायची. बाजारातल्या भुकटीत विटेचा चुरा हमखास. चिमूटभर पाण्यावर टाका: खरी भुकटी तरंगते, वीट तळाला जाते. हा रंग राळेसारखा, नुसत्या पाण्यात सुटत नाही. जुनी रीत अशी की चार भाग भुकटीला एक भाग तुरटी आणि दोन भाग सज्जीखार घेऊन थोड्या तिळाच्या तेलात मळायचं, मग पाण्यात घालून उकळायचं. रेशमावर झळझळीत नारिंगी येतो, सुतावर फिका.

पळस असेल तर वाढवा, फुलं झाडावरची तोडू नका. तो मोसम पक्ष्यांच्या मधाचा असतो. भल्या सकाळी खाली पडलेली वेचायची आणि सावलीत पातळ पसरून वाळवायची. ढीग केला की आतून गरम होऊन तपकिरी पडतात, मग रंग मातकट येतो. धायटी उताराच्या घळींत लावा, माती धरते आणि फुलांत टॅनिन भरपूर.

झाड न लावता मिळणारा रंग लोक विसरतात. फणसाच्या लाकडाचा भुसा गावच्या सुताराकडे पोत्याने पडलेला असतो आणि त्याचा पिवळा रंग पळसापेक्षा भरवशाचा. थायलंड-म्यानमारच्या भिक्खूंची वस्त्रं याच लाकडाने रंगवत. भुशात सागाची भेसळ होऊ नये म्हणून फणस कापायच्या दिवशीच पोतं घेऊन जा. दुसरं, ऑस्ट्रेलियन बाभूळ. वनीकरणाच्या नावाखाली कोकणभर लावलेलं ते झाड आता स्वतःच पसरतंय, तुमच्याही जमिनीत असेल. ते टप्प्याटप्प्याने काढा, सालीचा तपकिरी रंग घ्या, लाकूड जळणाला आणि मोकळ्या जागेत हिरडा. एकदम सगळं काढलं तर रानमोडीचं तण माजतं, म्हणून वर्षाला चौथा हिस्सा.

रक्तचंदनाबद्दल कोणीतरी विचारतंच. ते आंध्रच्या दक्षिण पूर्वघाटातलं, कोरड्या हवेतलं झाड. इथे वाढेल, पण गाभा भरायला अनेक वर्षं लागतील. त्याचा लाल रंग पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्याला मद्यार्क लागतो. त्यातून ते साइटिसच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, म्हणजे निर्यातीचे कागद वेगळे. कापडाच्या रंगासाठी ते लावण्यात अर्थ नाही.

खड्डे मेमध्ये घ्या, दीड फूट लांब-रुंद-खोल, आणि पंधरा दिवस तापू द्या. वरची माती, दोन-तीन पाट्या कुजलेलं शेणखत, वाळवी असेल तिथे निंबोळी पेंड. कच्चं शेण घातलं की वाळवीला आमंत्रण. लावणी मिरगाचा जोर ओसरून जमीन मुरली की करायची. जुलैच्या धो-धो पावसात लावलेल्या रोपांचं खत वाहून जातं आणि मूळ बसत नाही. खड्डा भरून वर थोडा उंचवटा ठेवा, रोपाच्या वरच्या अंगाला अर्धचंद्राकृती चर काढा. दोन पावसाळ्यांनंतर चर गाळाने भरतो तेव्हा तो उपसून माती रोपालाच घाला. पहिले दोन उन्हाळे आठवड्याला दहा लिटर पाणी आणि बुंध्याशी पाल्याचं आच्छादन, खोडापासून वीतभर लांब.

यातलं काहीही वणव्यात एका दुपारी जातं. गवत वाळायच्या आत, डिसेंबरमध्येच, हद्दीला चार-पाच मीटर रुंद जाळरेषा साफ करा आणि शेजाऱ्यांनी भाजावळ कधी करायची ते त्यांच्याशी बोलून ठरवा. लागवड मरण्याची कारणं मोजली तर किडीपेक्षा वणवा आणि मोकाट गुरंच वर येतात.

माल तयार झाल्यावरचा पहिला शत्रू लोखंड. टॅनिनला लोखंड लागलं की काळं पडतं. हिरडा लोखंडी खलबत्त्यात कुटला, पतंग लोखंडी कढईत उकळला, की माल गेला. पूड स्टेनलेस स्टीलच्या चक्कीत, उकळणं स्टील किंवा तांब्याच्या भांड्यात. जांभ्याच्या विहिरींच्या पाण्यातही पुष्कळदा लोह असतं. परीक्षा सोपी: काचेच्या पेल्यात विहिरीचं पाणी घ्या, चिमूटभर हिरड्याची पूड टाका, अर्धा तास ठेवा. करडी-काळी छटा आली तर त्या पाण्यात लाल रंग कधीच स्वच्छ येणार नाही, जांभळट मळका येईल. मग पागोळीचं पाणी साठवून वापरा.

एक किलो सुती कापडाचं प्रमाण असं धरा. आधी धुण्याचा सोडा 20-30 ग्रॅम आणि थोडा साबण घालून तासभर उकळून खळ काढायची. पाण्याचा थेंब कापडावर टाकताच शोषला गेला पाहिजे, मणी होऊन राहिला तर पुन्हा उकळा. कापडाचे ठिपके-डाग बहुतेक इथले असतात, दोष मात्र झाडाला दिला जातो. मग 200 ग्रॅम हिरडापूड कोमट पाण्यात, त्यात कापड रात्रभर. पिळून वाळवा, धुवू नका. मग 150 ग्रॅम तुरटी गरम पाण्यात विरघळवून कोमट झाल्यावर कापड तीन-चार तास, वाळवा, एक दिवस ठेवा आणि हलकं धुवा. पतंगाच्या ढलप्या 300 ते 400 ग्रॅम रात्रभर भिजवून तासभर उकळा, गाळा, त्यात कापड 60-70 अंशांवर पाऊण तास सतत हलवत. जास्त तापवलं तर लाल विटकरी होतो. आंबट लागलं की पिवळा-नारिंगी आणि क्षार लागला की किरमिजी-जांभळा, हा पतंगाचा स्वभाव, म्हणून गिऱ्हाइकाला साध्या सौम्य साबणाचीच सूचना द्या. गडद छटेसाठी हिराकस (लोखंडाचा क्षार) घातलात तर किलोला 10-20 ग्रॅमच्या वर नेऊ नका, सूत कुजतं. मोरचूद आणि क्रोमचे क्षार या कामात आणूच नका.

जळणाचा हिशेब सहसा कोणी करत नाही. 100 लिटर पाणी 25 अंशांवरून 85 अंशांवर न्यायला सुमारे 25 मेगाज्यूल उष्णता लागते. उघड्या चुलीत लाकडाच्या उष्णतेचा सहावा-सातवा हिस्साच भांड्याला लागतो, म्हणजे दहा-अकरा किलो वाळकं लाकूड. तेवढ्या पाण्यात चार किलो कापड बसतं आणि खळ काढणं व रंग देणं अशी निदान दोन तापवणी. किलो कापडामागे पाच किलोंहून जास्त लाकूड! रंगझाडं राखली आणि जळणासाठी शेजारचं रान झोडपलं, असे प्रकल्प पुष्कळ आहेत. सौर बंबातलं 60 अंशांचं पाणी घेतलं तर निम्म्याहून अधिक जळण वाचतं. उरलेलं बाभळीच्या तोडीतून आणि छाटणीतून भागवा. वापरलेलं तुरटीचं पाणी वहाळात सोडू नका. खड्ड्यात राख किंवा चुन्याची निवळी घालून मुरू द्या, खालचा गाळ वर्षातून एकदा काढा.

गिऱ्हाईक टिकतं ते दर खेपेला तोच रंग मिळाला तर. प्रत्येक घाण्यातून 5 ग्रॅम माल काढा, हिरडा-तुरटी दिलेली 10 ग्रॅमची सुती पट्टी 300 मिलिलिटर पाण्यात पाऊण तास रंगवा, घाणा क्रमांक आणि तारीख टाकून वहीत चिकटवा. पट्टीचा अर्धा भाग पुठ्ठ्याने झाकून आठवडाभर खिडकीत उन्हात ठेवा, मग पुठ्ठा काढा. उघडा आणि झाकलेला भाग यांतला फरक गिऱ्हाइकाला दाखवूनच माल विका. हिरडा, पतंग पूर्ण वाळल्याशिवाय गोणीत भरू नका. फळ दोन दगडांत फोडल्यावर कट्‌ आवाज करून तुटलं पाहिजे, चेपलं तर आत ओल आहे आणि पावसाळ्यात बुरशी ठरलेली.

कागदपत्रं लागवडीआधी. सातबारावर 'खाजगी वन' असा शेरा आहे का बघा. असेल तर वन खात्याशी बोलल्याशिवाय एक झुडूपही तोडू नका. महाराष्ट्र वृक्षतोड विनियमन कायदा, 1964 च्या अनुसूचीत हिरडा, खैर, ऐन, किंजळ, फणस, जांभूळ ही झाडं आहेत, स्वतःच्या जमिनीतली तोडायलाही परवानगी लागते. लावलेल्या झाडांची नोंद ई-पीक पाहणीत दरवर्षी करत जा, फोटोसह. दहा वर्षांनी पतंगाच्या ढलप्यांची गोणी नाक्यावर अडवली गेली तर माल स्वतःच्या शेतातला आहे हे सांगायला ती नोंदच उपयोगी पडते. बी-रोपांसाठी दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या वनशास्त्र महाविद्यालयात चौकशी करा. गावच्या देवराईतलं हिरडा-बेहड्याचं बी उत्तम असतं, पण मानकऱ्यांना विचारून आणि फक्त खाली पडलेलं.

या वर्षी एवढंच करा: डिसेंबरात जाळरेषा, रानाची मोजदाद, कुंकूफळाच्या मादी झाडांना चुन्याची खूण, फेब्रुवारीत पतंगाचं बी पिशव्यांत, आणि मेमध्ये फक्त कुंपणाचे व शेंदरीचे खड्डे. हिरड्याच्या कलमांची मागणी आताच नोंदवा आणि ती पुढच्या जूनला, पहिल्या उन्हाळ्यात पाणी कुठवर पुरतं ते कळल्यावर लावा.